दुकानात आलेले गिऱ्हाईक परत का जाते?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा किंवा तासगावात बेदाण्याचा सौदा निघतो, तेव्हा माल घेणारा व्यापारी बोलतो कमी आणि बघतो जास्त. हळकुंड मोडून आतला रंग पाहायचा, बेदाणा चिमटीत दाबून ओल अजमावायची, दोन दाणे तोंडात टाकायचे आणि मग भाव बोलायचा. भाव सगळ्यांदेखत ठरतो, वजन काट्यावर होते, व्यवहारात मध्ये अडत्या असतो आणि काही बिनसले तर दाद मागायला बाजार समिती असते. खरेदीदाराच्या मनात चार शंका असतात : माल सांगितला तसाच आहे का, एकूण किती पडेल, हातात केव्हा येईल आणि खराब निघाला तर जबाबदारी कोणाची. बाजार नावाची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या घडत गेली ती या चार शंकांची उत्तरे देत देत. आता तीच हळद, तोच बेदाणा, साताऱ्याचे कंदी पेढे आणि महाबळेश्वरचा जॅम शेतकऱ्यांची मुले, बचत गट आणि छोटे उद्योजक स्वतःच्या वेबसाइटवरून विकू लागले आहेत. पडद्यावर मात्र हळकुंड मोडता येत नाही, दाणा चाखता येत नाही आणि अडत्याही दिसत नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की ऑनलाइन दुकानात माणसे येऊनही माल खपत नसेल, तर आधी या चार शंकांची उत्तरे पानावर आहेत का ते पाहावे. जाहिरातीचा खर्च वाढवण्याचा विचार त्यानंतरचा.

हिशेब साधा आहे. समजा, एखाद्या हळदविक्रीच्या वेबसाइटवर महिन्याला हजार माणसे येतात, प्रत्येकाला आणण्यासाठी जाहिरातीचे पाच रुपये पडतात आणि त्यातले दहा जण खरेदी करतात. म्हणजे एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च पाचशे रुपये. पुडा सहाशेचा असेल, तर माल, पॅकिंग आणि कुरिअर धरून हा धंदा तोट्यातच जाणार. जाहिरात दुप्पट केली तर फार तर दोन हजार माणसे येतील आणि वीस ऑर्डरी मिळतील, पण ऑर्डरमागचा खर्च पाचशेच राहील. प्रत्यक्षात तो वाढण्याचीच शक्यता अधिक, कारण ज्यांना खरोखर गरज आहे ते लोक जाहिरातीला आधी सापडतात आणि नंतर सापडणारे अधिकाधिक कोरडे असतात. उलट त्याच हजारांतून दहाऐवजी वीस जणांनी खरेदी केली, तर ऑर्डरमागचा खर्च एकदम अडीचशेवर येतो. आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी केली, या प्रमाणाला या धंद्यात कन्व्हर्जन म्हणतात. छोट्या दुकानाचा नफा-तोटा बहुधा याच आकड्यावर ठरतो, आणि तो सुधारायला पैशांपेक्षा विचार आणि कष्ट जास्त लागतात.

आलेला माणूस नेमका कुठे गळतो, याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. डेन्मार्कच्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक पाहण्यांची सरासरी काढली, तेव्हा ऑनलाइन खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक पैसे न भरताच निघून जातात असे दिसले. यातले बरेच नुसते बघे असतात, हे खरे. पण ज्यांना घ्यायचे होते आणि तरी घेतले नाही, त्यांनी सांगितलेल्या कारणांत पहिला क्रमांक लागतो तो शेवटच्या टप्प्यावर अचानक वाढणाऱ्या खर्चाचा : डिलिव्हरी, कर, इतर आकार. सक्तीने खाते उघडायला लावणे, कार्डाची माहिती देताना विश्वास न वाटणे, माल उशिरा मिळणे ही कारणे त्याच यादीत पुढे येतात. गूगलने २०१६ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर ५३ टक्के भेटी तिथेच संपतात. जॅरेड स्पूल या अमेरिकी तज्ज्ञाने २००९ मध्ये लिहिलेला एक किस्सा तर या क्षेत्रात प्रसिद्धच आहे. एका मोठ्या दुकानाच्या वेबसाइटवर पैसे भरण्याआधी नोंदणी करावी लागे. नोंदणीचे बटण काढून तिथे ‘पुढे चला’ असे बटण आणि खाते उघडण्याची गरज नाही असे एक वाक्य घातले, तर खरेदी करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. या दुकानाने ना माल बदलला, ना भाव. तयार झालेल्या गिऱ्हाइकाच्या वाटेतला अडथळा तेवढा काढला.

अडथळा काढणे ही झाली अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी अधिक अवघड आहे, कारण ती विश्वासाची आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की मालाची खरी प्रत विकणाऱ्याला माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा घेणारा सरासरी प्रतीचाच भाव द्यायला तयार होतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता बाजारातून बाहेर पडतो आणि वाईट तेवढा उरतो. या विचाराला २००१ मध्ये नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. हळद पावडरीला हे तंतोतंत लागू पडते. पिवळी पूड पाहून ती राजापुरी हळदीची आहे की सेलमची, त्यात पीठ मिसळले आहे की मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग, हे साध्या डोळ्यांना कळत नाही. पडद्यावर तर दोन्ही पुडे सारखेच दिसतात, एक दीडशेला आणि एक चारशेला. गिऱ्हाइकाने दीडशेचा उचलला, तर ‘लोकांना फक्त स्वस्त हवे असते’ असे म्हणून विक्रेता हळहळतो. पण चारशेचा पुडा चारशेचा का, हे पानावर लिहिलेलेच नसेल, तर स्वस्त ते निवडणे हाच त्या गिऱ्हाइकाचा शहाणपणा ठरतो.

सातारा-सांगलीच्या भागाला हा धडा नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले काही नांगर जायलाही बराच काळ लागला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, म्हणजे हा उद्योग दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक वारसा आहे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले. आपला माल आणि आपले गिऱ्हाईक यांच्यात संवाद राहावा म्हणून निघालेले हे कारखान्याचे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी समाजाच्या विचारविश्वात त्याने स्वतःचे स्थान मिळवले. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की शेतकऱ्याला नांगर दिसत होता, त्याचा भावही कळत होता. अडचण त्याच्या मनातल्या शंकेची होती. अशी शंका ‘घ्या, घ्या’ म्हणून जात नाही. ती जाते वापर दाखवून, माहिती देऊन आणि जबाबदारी घेऊन.

तेव्हा सातारा-सांगलीच्या मालाच्या पानावर काय असावे, याचे उत्तर त्या त्या मालाबद्दल गिऱ्हाईक काय विचारते यातच आहे. बेदाण्याचे घ्या. शेडमध्ये वाळवण्याआधी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, पिवळ्या बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. शहरातल्या गिऱ्हाइकाने यातले अर्धवट ऐकलेले असते आणि अर्धवट ऐकलेली गोष्ट खरेदी थांबवते. म्हणून धुरी दिली असेल तर तसे स्पष्ट लिहावे, नसेल तर रंग काळपट का आहे ते सांगावे. दाण्याचा आकार कळावा म्हणून तळहातावर घेतलेला, दिवसाच्या उजेडातला फोटो द्यावा. हळदीच्या पानावर वाण, गाव, काढणीचा हंगाम, दळल्याची तारीख आणि चाचणी केली असेल तर कुरकुमीनचे प्रमाण व प्रयोगशाळेचा अहवाल हवा. कंदी पेढ्यांबाबत प्रश्न असतो तो कधी बनवले आणि किती दिवस टिकतील याचा, त्याचे उत्तर ‘ताजे आणि रुचकर’ या शब्दांत मिळत नाही. महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिळते. जुलैमध्ये पान उघडणाऱ्याला ‘माल संपला’ एवढेच दाखवण्यापेक्षा हंगाम कधी सुरू होईल आणि तोवर कोणते टिकाऊ पदार्थ मिळतील हे सांगितले, तर तो माणूस हातचा जात नाही. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये, सांगलीच्या बेदाण्याला आणि साताऱ्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये, तर सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल, तर ती पानाच्या तळाशी लपवून ठेवण्यात अर्थ नाही. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही तसाच दिसेल असा हवा.

उरलेल्या तीन शंकांची उत्तरे याहून सोपी आहेत, पण ती योग्य जागी द्यावी लागतात. डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पानावर उघड करण्याऐवजी किमतीशेजारीच दाखवावा. दुकान सांगलीतून माल पाठवत असेल, तर पुण्याला किती दिवस, नागपूरला किती आणि दिल्लीला किती, हे पिनकोड टाकताच कळावे. परताव्याची अट वकिली भाषेत न लिहिता दोन वाक्यांत सांगावी : पुडा फुटलेला किंवा ओला आला तर इतक्या दिवसांत फोटो पाठवा, नवा पाठवू किंवा पैसे परत देऊ. यातला बराचसा भाग आता सौजन्यावर सोडलेलाही नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार एकूण किंमत तपशिलासह दाखवणे, परताव्याच्या अटी सांगणे आणि तक्रार निवारणासाठी अधिकारी नेमून त्याचा संपर्क देणे बंधनकारक आहे. बहुतेक छोटी दुकाने हे कायद्यासाठी म्हणून कुठल्या तरी कोपऱ्यात लिहून मोकळी होतात. तोच मजकूर खरेदीच्या बटणाजवळ आणला, तर तो विक्री करू लागतो. भाषेचेही तसेच आहे. साताऱ्यातला विक्रेता पुण्यातल्या किंवा सोलापुरातल्या गिऱ्हाइकाला इंग्रजीतून ‘प्रीमियम क्वालिटी’ सांगत बसतो, तेव्हा ज्या एका गोष्टीत तो मोठ्या कंपन्यांच्या पुढे असू शकला असता तीच तो सोडून देतो.

इथे एक मोह आवरायला हवा, तो म्हणजे सगळेच सांगण्याचा आणि सगळेच ठेवण्याचा. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दुकानातल्या मांडणीवर २४ प्रकारचे जॅम ठेवले, तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्के लोकांनी खरेदी केली आणि ६ प्रकार ठेवले तेव्हा ३० टक्क्यांनी. या प्रयोगाच्या आधारे ‘पर्याय कमी करा’ हा मंत्र जगभर गेला. पण २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे पर्यायांची संख्या हाच दोष असतो असे नाही. पर्यायांतला फरक कळत नसेल, तर जास्त पर्याय त्रासदायक होतात. बेदाण्याच्या आठ प्रती विकायला हरकत नाही, पण खिरीसाठी कोणता, नुसता खायला कोणता आणि मिठाईवाल्याला कोणता परवडेल, हे सांगणारी एक ओळ प्रत्येकाखाली हवी. दुसऱ्या कोणाचा नियम उचलून आपल्या दुकानाला लावण्यातला धोका या जॅमच्या कथेत दिसतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो : एवढे खरे बोलून कोण विकते, ‘फक्त दोन शिल्लक’, ‘दहा मिनिटांत ऑफर संपणार’ असे लिहिले की लोक पटकन घेतात. घेतातही. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी आहे. खोटी घाई दाखवणे, नकळत टोपलीत वस्तू टाकणे आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे हे प्रकार तिच्यात स्पष्टपणे येतात. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी आपल्याकडच्या व्यवहारात या युक्तीची किंमत लगेच मोजावी लागते. इथे अजूनही पुष्कळ खरेदी कॅश ऑन डिलिव्हरीने होते. घाईत ऑर्डर देणाऱ्याने पैसे दिलेले नसतात. तीन दिवसांनी कुरिअरवाला दारात येतो, तेव्हा उत्साह ओसरलेला असतो आणि पुडा परत जातो. जाण्याचे आणि येण्याचे भाडे विक्रेत्याच्या माथी बसते, पेढ्यांसारखा माल असेल तर तोही वाया जातो. म्हणून कन्व्हर्जन मोजताना ऑर्डरी मोजून भागत नाही. पोहोचलेला आणि ठेवून घेतलेला माल मोजावा, त्याच गिऱ्हाइकाने पुन्हा मागवला का तेही पाहावे. हे माप लावले की घाईची युक्ती पहिल्या महिन्यातच उघडी पडते आणि पूर्ण माहिती देणारे पान किफायतशीर ठरते. कॅश ऑन डिलिव्हरी मात्र एकदम बंद करणे शहाणपणाचे नाही, कारण अनोळखी दुकानाकडून पहिल्यांदा घेणाऱ्याची ती हमीच असते. यूपीआयने आधी पैसे भरणाऱ्याला थोडी सवलत द्यावी, दुसऱ्या खरेदीपर्यंत विश्वास बसला की तो आपणहून आधी पैसे भरू लागेल.

दुसरा आक्षेप अभिप्रायांबद्दल असतो. वाईट अभिप्राय दिसू दिले तर गिऱ्हाईक पळेल, अशी भीती असते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राने २०१७ मध्ये मांडलेले निष्कर्ष वेगळे आहेत. खरेदीची शक्यता सर्वाधिक दिसली ती साधारण ४ ते ४.७ तारे असलेल्या वस्तूंना. पूर्ण पाच ताऱ्यांकडे जाताना ती कमी झाली, कारण निर्दोष कौतुकावर माणसाचा विश्वास बसत नाही. ‘हळद चांगली, पण पुड्याचा चाप नीट लागत नाही’ या अभिप्रायाखाली विक्रेत्याचे ‘चाप बदलला आहे’ असे उत्तर असेल, तर ते दहा स्तुतींपेक्षा जास्त काम करते. अडत्याच्या शब्दाची जी पत यार्डात असते, ती पडद्यावर अशाच नोंदींतून साठत जाते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोठ्या कंपन्या प्रत्येक बदल निम्म्या लोकांना दाखवतात, निम्म्यांना दाखवत नाहीत आणि आकड्यांवरून ठरवतात. छोट्या दुकानाने काय करायचे? ही अडचण खरी आहे. हजार भेटींत वीस ऑर्डरी येत असतील आणि पुढच्या महिन्यात सव्वीस आल्या, तर ती वाढ निव्वळ योगायोगानेही होऊ शकते. २ टक्क्यांचे २.५ टक्के झाले हे खात्रीने सांगायला दोन्ही बाजूंना मिळून जवळपास २८ हजार भेटी लागतात. तेव्हा छोट्या दुकानाने बटणाचा रंग हिरवा की केशरी यात महिने घालवू नयेत. त्याने शंका शोधाव्यात, आणि त्यासाठी हजारो माणसे लागत नाहीत. याकोब निल्सन या वापर-अभ्यासकाने दाखवले, की पाच जणांना वेबसाइट वापरायला देऊन शेजारी गप्प बसून पाहिले, तर बहुतेक मोठ्या अडचणी दिसतात. व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाईक जे प्रश्न वारंवार विचारते, तीच पानावर नसलेल्या मजकुराची यादी असते. ज्याने पुडा परत केला, त्याला कारण विचारायला एक फोन पुरतो. मोठ्या कंपनीच्या आकडेतज्ज्ञाला हे प्रश्न कोणत्या गावच्या, कोणत्या माणसाने विचारले ते ठाऊक नसते. छोट्या विक्रेत्याला ते ठाऊक असते.

शेवटचा आक्षेप मान्य करावा लागतो. दिवसाला पाचच माणसे येत असतील, तर पान कितीही सुधारले तरी धंदा उभा राहणार नाही. तिथे ओळख वाढवावीच लागेल, प्रसंगी जाहिरातही करावी लागेल. प्रश्न क्रमाचा आहे. उत्तरे नसलेल्या पानावर माणसे आणणे म्हणजे विकत आणलेले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवणे, कारण शंका घेऊन गेलेला माणूस हळद घ्यायची थांबत नाही, तो दुसरीकडून घेतो. शिवाय जाहिरातीचे पैसे थांबले की तिच्यामुळे येणारी माणसेही थांबतात. धुरीबद्दल लिहिलेली चार वाक्ये, प्रयोगशाळेचा अहवाल, पिनकोडवार दिलेला दिवसांचा अंदाज आणि पाळलेला परताव्याचा शब्द मात्र पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तिथेच राहतात. सातारा आणि सांगलीच्या मालाची कीर्ती आधीपासूनच आहे, तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. त्या कीर्तीवर विसंबून आलेल्या माणसाला निर्धास्तपणे पैसे भरता येतील असे पान तयार करणे, एवढेच विक्रेत्याच्या हातात उरते, आणि सुरुवात तिथूनच करावी.